रेसिडेंट आला, फौज नाही आली

सिक्कीम भारतात कधी आलं, असं चार लोकांना विचारून बघा. दोघं १९४७ म्हणतात, तिसरा सरदार पटेलांचं नाव घेतो आणि चौथा उलट आपल्यालाच विचारतो, "म्हणजे काय, आधीपासून नव्हतं?" १९७५ हे उत्तर मला फार थोड्यांकडून मिळालंय. सिक्कीम भारताचं २२वं राज्य झालं ते १६ मे १९७५ला. पुढच्या चाळीस दिवसांत आणीबाणी लागली आणि मग कुणी कशावरच फार बोलेना.

मेच्या सुट्टीत गंगटोकला मराठी सहलींची रीघ असते. नथुलाचा परवाना मिळणार की नाही याची धाकधूक, चांगूच्या तलावाकाठी याकवर बसून फोटो, संध्याकाळी एम. जी. मार्गावर स्वेटरची खरेदी. आमची गाडी राजवाड्याच्या बंद फाटकावरून गेली तेव्हा ड्रायव्हरनं मानही न वळवता "राजा का घर" एवढंच सांगितलं. मागच्या सीटवरून एका काकांनी विचारलं, "कुठला राजा?" गाडीत कुणालाच नीट सांगता आलं नाही. मलाही नाही. हा लेख म्हणजे त्या काकांना उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

नेपाळ, भूतान, सिक्कीम यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. आपण नसतो तर चीननं यांना कधीच गिळलं असतं, हा एक. आणि एवढं करूनही हे लोक कृतघ्न, हा दुसरा. दोन्ही सुरांत ती राज्यं कुठेच नसतात. असतात ती दिल्ली आणि बीजिंग. माझं म्हणणं वेगळं आहे. हिमालयातल्या राज्यांचं स्वातंत्र्य कुणी दान दिलेलं नाही, आणि ते नुसत्या शौर्यावरही टिकलेलं नाही. मोठ्या लढाया बहुतेक सगळे हरलेच. हरल्यावर जो तह झाला त्यात काय लिहिलं गेलं आणि काय लिहू दिलं नाही, यावर पुढची दीडशे-दोनशे वर्षं ठरली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. वसईचा तह आपण शाळेत घोकलेला आहे. ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावानं सही केली त्यात काय होतं? कंपनीच्या सहा पलटणी पेशव्याच्या मुलखात राहणार, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांच्या वैऱ्यांपैकी कुणा युरोपियनाला चाकरीत ठेवायचं नाही आणि दुसऱ्या राज्यांशी जे काही बोलायचं ते कंपनीला विचारून. राज्य बुडालं १८१८ला, पण त्याचा कागद सोळा वर्षं आधीच झाला होता. हा तह डोळ्यांपुढे ठेवून हिमालयाकडे बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

डेहराडूनला सहस्रधारेच्या रस्त्यावर दोन बुटके पांढरे स्तंभ आहेत. बरेचसे पर्यटक ते न बघताच पुढे धबधब्याकडे जातात. एक स्तंभ नालापानीच्या किल्ल्यापुढे पडलेल्या कंपनीच्या सैनिकांचा आणि त्यांचा सेनापती जिलेस्पी याचा. दुसरा त्याच इंग्रजांनी आपल्या शत्रूसाठी उभारलेला, म्हणजे किल्लेदार बलभद्र कुंवर आणि त्याच्या गोरख्यांसाठी. कंपनी आणि नेपाळ यांच्या युद्धात, १८१४च्या ऑक्टोबरअखेर, जिलेस्पी इथं गोळी लागून मेला. सहाएकशे माणसं, त्यात बायकापोरंही, जेमतेम तटबंदीच्या त्या गढीत महिनाभर टिकली. शेवटी इंग्रजांनी पाण्याची वाट तोडली तेव्हा बलभद्र उरलेल्या सत्तरेक माणसांनिशी बाहेर पडला आणि वेढ्यातून निसटला. पुढे तो रणजितसिंहाच्या चाकरीत गेला आणि १८२३ला अफगाणांशी लढताना पडला. लाहोरला नोकरीसाठी जाणाऱ्या अशा माणसांवरून नेपाळीत ‘लाहुरे’ हा शब्द आला. परमुलखाच्या पलटणीत भरती झालेल्या प्रत्येकाला आजही लाहुरेच म्हणतात.

या शौर्याबद्दल बोलताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ज्या राज्याची ही लढाई होती ते स्वतःही जिंकत जिंकतच इथवर आलं होतं. गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहनं काठमांडूच्या खोऱ्यातलं कीर्तिपूर घेतलं तेव्हा तिथल्या लोकांची नाकं कापवली, ही आठवण नेवार लोकांनी अजून सोडलेली नाही. गढवाल-कुमाऊंत त्या राजवटीला ‘गोरख्याणी’ म्हणतात आणि हा शब्द कौतुकानं उच्चारला जात नाही. तेव्हा छोटं बिचारं राज्य आणि मोठा दांडगा शेजारी असा सोपा सामना हिमालयात कधीच नव्हता. पृथ्वीनारायणानं मात्र आपल्या जागेची नेमकी नाडी ओळखली होती. दोन धोंड्यांमधला कंद, असं तो आपल्या राज्याला म्हणायचा. उत्तरेला चीनचा बादशहा, दक्षिणेला समुद्रावरून आलेला बादशहा.

हे युद्ध नेपाळ हरला. सुगौलीचा तह मार्च १८१६ला पक्का झाला आणि कुमाऊं, गढवाल, सिक्कीमकडचा मुलूख आणि तराईचा मोठा पट्टा हातचा गेला. कंपनीच्या परवानगीवाचून कुणा इंग्रजाला, युरोपियनाला किंवा अमेरिकनाला चाकरीत घ्यायचं नाही, असं कलम इथंही आहे; वसईच्या कलमाचं हे धाकटं भावंडच. काठमांडूत रेसिडेंट ठेवायचंही ठरलं. पण तैनाती फौज नाही! पलटणी नाहीत, त्यांच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख नाही. जी तराई घेतली तिच्यातलाही काही भाग कंपनीनं त्याच वर्षी परत केला, कारण मुलूख गेल्यानं नुकसान झालेल्या नेपाळी सरदारांना वर्षाला दोन लाख रुपये देण्यापेक्षा जमीनच परत देणं स्वस्त पडत होतं.

कंपनी काठमांडूशी एवढी नरम का वागली? औदार्य तर नक्कीच नव्हतं. तराईतला हिवताप गोऱ्या शिपायांना तोफांपेक्षा महाग पडे, डोंगरातल्या लढाईचा खर्च पुण्याच्या लढाईच्या कितीतरी पट, आणि मागे चीनचा बादशहा काय म्हणेल ही धास्ती. काठमांडूच्या दरबारानं या तिन्ही गोष्टींचा पुरेपूर फायदा घेतला. रेसिडेंटला खोऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. ब्रायन हॉजसन नावाचा रेसिडेंट तिथं वीसेक वर्षं राहिला, पक्षी, पोथ्या, भाषा यांच्यावर ढिगानं लिहून गेला, पण देश असा त्याला फारसा बघायलाच मिळाला नाही. आमच्या पुण्यात संगमावर बसून एल्फिन्स्टन पेशव्याच्या वाड्यात संध्याकाळी काय शिजतंय याची खबर ठेवत होता, त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतली ही गोष्ट. नेपाळचा कारभारी भीमसेन थापा यानं मराठ्यांशी आणि रणजितसिंहाशी संधान बांधायची खटपट केली होती, पण कुणी दाद दिली नाही. नेपाळला नमवणारा ऑक्टरलोनी वर्षा-दीड वर्षात पेंढारी-मराठे मोहिमेवर राजपुतान्यात दाखल झाला.

स्वातंत्र्याची किंमत मात्र नेपाळी माणसानं चुकवली. १८५७ला नेपाळचा पंतप्रधान जंगबहादुर राणा फौज घेऊन लखनौपर्यंत इंग्रजांच्या मदतीला धावला, त्याबद्दल तराईचे चार जिल्हे परत मिळवले, आणि दुसरीकडे बेगम हजरत महलला काठमांडूत आसराही दिला. नानासाहेब पेशवे पळून गेले तेही नेपाळच्या तराईतच. त्यांचा माग तिथंच संपतो. गोरखा पलटणी हा राणांनी इंग्रजांना दिलेला खरा नजराणा. त्याच्या बदल्यात घरात काय हवं ते करायची मोकळीक त्यांना मिळाली आणि १९२३च्या तहानं स्वातंत्र्यावर लेखी शिक्कामोर्तब झालं. देश स्वतंत्र, प्रजा नाही.

भूतानची कहाणी भराभर सांगता येते. १८६४-६५च्या दुआर युद्धात भूतानी सैन्यानं देवानगिरीहून इंग्रजांना एकदा पळवलंही आणि त्यांच्या दोन तोफा ठेवून घेतल्या. शेवटी सिंचुलाच्या तहात पायथ्याचे सुपीक दुआर गेले आणि बदल्यात वर्षाला ५०,००० रुपये ठरले. पुढे १९१०च्या पुनाखाच्या तहात रक्कम एक लाख झाली आणि तिच्या जोडीनं एक वाक्य आलं: अंतर्गत कारभारात इंग्रज ढवळाढवळ करणार नाहीत, परराष्ट्र संबंधांत भूतान त्यांच्या सल्ल्यानं चालेल. १९४९ला स्वतंत्र भारतानं भूतानशी तह केला तेव्हा देवानगिरीचा ३२ चौरस मैलांचा तुकडा परत दिला, रक्कम पाच लाख केली आणि हे वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं. इंग्रज सरकारच्या जागी भारत सरकार, एवढाच काय तो फरक. ज्या देशानं दोनच वर्षांपूर्वी इंग्रजांना घालवलं त्याच्या परराष्ट्र खात्यात हे वाक्य उतरवून घेताना कुणाला काही वाटलं नसेल का?

आता सिक्कीम. सिक्कीमचा राजा इंग्रजांच्या काळात नरेंद्रमंडळाचा सभासद होता, म्हणजे कागदोपत्री तो कोल्हापूर-बडोद्याच्या रांगेतला. १९४७ला पटेलांना त्याला इतर संस्थानांसारखंच वागवायचं होतं. नेहरूंनी ते होऊ दिलं नाही. डिसेंबर १९५०च्या तहात सिक्कीम संरक्षित राज्य झालं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे. दिवाण दिल्लीनं पाठवलेला. भारताचं सैन्य राज्यात. मी याला तैनाती फौज म्हटलं तर काही वाचकांना राग येईल, पण दुसरा शब्द सुचवा. १९४९-५०च्या दीडएक वर्षात दिल्लीनं तीन शेजाऱ्यांशी तीन तह केले आणि ज्याच्या पदरात जसं कलम पडलं तसं त्याचं पुढे झालं.

इथवर वाचून मी चोग्यालची, म्हणजे सिक्कीमच्या राजाची, बाजू घेतोय असं वाटलं असेल, तर तसं नाही. पाल्देन थोंदुप नामग्याल हा बिचारा कावेबाज दिल्लीच्या जाळ्यात सापडला, अशी एक हळवी गोष्ट इंग्रजीत फार चालते. अमेरिकन राणी होप कुक आणि ढगातला राजवाडा तिला पूरक ठरतात. पण राज्यात तीन चतुर्थांशांच्या आसपास लोक नेपाळीभाषक होते. १९५३च्या घोषणेनं त्यांना कौन्सिलमध्ये सहा जागा मिळाल्या आणि भुतिया-लेपचांनाही सहा. वर राजानं नेमलेले पाच. एका माणसाचं मत दुसऱ्याच्या मताच्या तिप्पट वजनाचं, हा हिशेब किती दिवस चालणार होता? १९७३च्या निवडणुकीत गडबड झाल्याचा आरोप झाला, माणसं रस्त्यावर उतरली, गंगटोकला गराडा पडला, आणि एप्रिलमध्ये चोग्यालनं स्वतः दिल्लीला सांगितलं, कारभार हातात घ्या. पुण्यातून पळून बाजीराव वसईला गेला तो याच वाटेनं. यशवंतराव होळकर वाईट होता की चांगला हा मुद्दा वेगळा. आपल्याच माणसांपासून वाचायला बाहेरची फौज बोलावली की तिची पाठवणी आपल्या हातात राहत नाही.

दिल्ली काही वाट बघत हात जोडून उभी नव्हती. तिच्या गुप्तचर खात्यानं तिथं काय काय केलं हे त्या खात्यातल्याच माणसानं निवृत्तीनंतर छापून सांगितलंय. १९७४च्या निवडणुकीत चोग्यालविरोधी काझी ल्हेंडुप दोर्जींच्या पक्षाला ३२पैकी ३१ जागा मिळाल्या. ९ एप्रिल १९७५ला भारतीय सैन्यानं राजवाड्यावरच्या सिक्कीम गार्ड्सना निःशस्त्र केलं. फाटकावरचा एक तरुण पहारेकरी त्यात मारला गेला. तो छेत्री होता, म्हणजे ज्या समाजाच्या हक्कांसाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं जात होतं त्या समाजातला. चोग्याल आत बसून आपल्या हॅम रेडिओवरून जगाला हाका मारत होता.

विधानसभेनं १० तारखेला ठराव केला आणि १४ तारखेला सार्वमत झालंसुद्धा. मधे पुरते चार दिवस, तेही घोड्यावरून आणि पायी फिरायच्या मुलखात. बाजूनं ५९,६३७, विरुद्ध १,४९६. साडेसत्त्याण्णव टक्के. मला हा आकडा तितका खटकत नाही. नेपाळीभाषक सिक्कीमींना राजा नको होता हे उघड आहे, आणि सावकाश विचारलं असतं तरी बहुमतानं भारताच्याच बाजूनं कौल दिला असता असं मला वाटतं. खटकतो तो प्रश्न. ठराव एकच होता: चोग्यालची गादी रद्द आणि सिक्कीम भारताचा घटक, होय की नाही. राजा नको पण देश हवा, असं म्हणणाऱ्यानं मत कुठं टाकायचं? दोन प्रश्न होते. दोन चिठ्ठ्या हव्या होत्या. जिंकणारच होतो तर दुसरी चिठ्ठी छापायला कसली भीती होती? १९७८ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी विलीनीकरण चुकीच्या रीतीनं झालं असं बोलून दाखवलं, पण आता ते मागे घेता येणार नाही असंही म्हटलं. केवढा गहजब झाला तेव्हा. मला त्यांची दोन्ही वाक्यं बरोबर वाटतात. आजच्या सिक्कीमसाठी राज्यघटनेत खास ३७१ (एफ) कलम आहे, प्राप्तिकराची खास सवलत आहे, आणि भारतातून बाहेर पडायची चळवळ म्हणावी असं काही नाही. म्हणूनच १९७५ला नक्की काय झालं हे आता शांतपणे सांगायला हरकत नसावी; शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद पुरेल.

या न बोलण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. थिंफूत १९७२ला एक कोवळा राजा गादीवर आला होता. शेजारचं राज्य तीन वर्षांत नाहीसं होताना जिग्मे सिंग्ये वांगचुकनं बघितलं आणि धडा घेतला. धडा असा की राजेशाहीला खरा धोका नेपाळीभाषक प्रजेच्या संख्येचा आहे. १९८५चा नागरिकत्व कायदा, १९५८च्या रहिवासाचे पुरावे मागणारी १९८८ची जनगणना, सगळ्यांना एकच पोशाख आणि एकच रीत सक्तीची, आणि मग १९९०च्या सुमारास दक्षिण भूतानमधल्या ल्होत्सांपांची, म्हणजे नेपाळीभाषकांची, हकालपट्टी. लाखाच्या वर माणसं भारतातून पार होऊन नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या बांबूच्या छावण्यांत पोचली आणि तिथं पंधरा-सोळा वर्षं राहिली. हा त्या दोघांमधला मामला, असं म्हणून भारतानं हात झटकले. २००७-०८पासून बहुतेक जण अमेरिकेत आणि इतर देशांत गेले. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाचं कौतुक करणारे लेख मराठीत खंडीभर येतात. त्यांत या माणसांची ओळ मला अजून दिसायची आहे.

तोच राजा पुढे मात्र शहाणा निघाला. त्यानं मुलाला गादी दिली, २००८ला निवडणुका झाल्या, आणि त्याआधी फेब्रुवारी २००७ला भारतानं भूतानशी नवा तह करून ते १९१०चं वाक्य काढून टाकलं. यात भारताचं काय गेलं? दहाच वर्षांनी डोकलामला ७३ दिवस भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं ते भूतानच्या दाव्याच्या जमिनीवर, आणि भूतान भारताबरोबरच राहिला. वाक्य काढलं म्हणून मैत्री आटली नाही. चीनचा बाऊ करून जुनी कलमं जपणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

नेपाळशी आपला १९५०चा तह अजून तोच आहे. त्यावर नेपाळकडून सही केली ती शेवटचा राणा पंतप्रधान मोहन शमशेर यानं, आणि सहा-सात महिन्यांत राणांची सत्ताच गेली. काठमांडूत हा तह असमान म्हणून शिवी खातो. वर्षाची नोटीस देऊन तो मोडायची सोय दहाव्या कलमात आहे, पण नेपाळनं ती कधी वापरली नाही, कारण त्याच तहावर लाखो नेपाळी माणसं भारतात विनापरवाना राहतात, कमावतात; मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकावर ती दिसतील. तेव्हा नेपाळच्या तक्रारीत थोडं ढोंग आहेच. पण १९८९ला आणि पुन्हा २०१५ला सीमा बंद झाल्यावर काठमांडूतल्या बायकांनी गॅसवाचून चुली पेटवल्या, ते ढोंग नव्हतं. २०१५ची नाकेबंदी आपण केलीच नाही, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळं ट्रक अडले, असं दिल्लीचं म्हणणं. काठमांडूत ते कुणाला पटल्याचं ऐकिवात नाही. नाकेबंदी उठल्यावर महिना-दीड महिन्यात नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार केला. लिपुलेख-कालापानीचं भांडण तर थेट सुगौलीचंच: तहात काली नदी ही हद्द म्हटलंय, आणि काली उगम पावते कुठं, यावर दोनशे वर्षांनी, २०२०ला, नेपाळनं नवा नकाशा छापला. गोरखा भरतीही अग्निपथ योजनेनंतर, २०२२पासून, नेपाळनं थांबवून ठेवली आहे.

हे सगळं नव्यानं बघायला दोन्ही सरकारांनी २०१६ला नामवंतांचा एक गट नेमला होता. १९५०च्या तहाचं काय करायचं हाही त्याचा विषय. दोन वर्षं बैठका झाल्या, २०१८ला एकमतानं अहवाल तयार झाला. तो स्वीकारायला कुणी वेळ दिला नाही आणि अहवाल तसाच पडून राहिला. भारताच्या बाजूनं त्या गटाचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी. हो, तेच, पुढे वर्षभरात मुंबईत राज्यपाल म्हणून आलेले. साडेतीन वर्षं आपण त्यांच्याबद्दल रोज बोललो, भांडलो, मोर्चे काढले, आणि या अहवालाबद्दल त्यांना एकदाही कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. ते मूळचे कुमाऊंचे, म्हणजे सुगौलीत नेपाळनं गमावलेल्या मुलखातले.